गुरुवारचं पीस

मी पीस बोलतोय. मोराचं नाही, साध्या पारव्याचं. बोटभर लांब, राखी रंगाचं. घाटंजीकडच्या एका लहानशा सरकारी दवाखान्याच्या वळचणीतून मी खाली पडलो. झाडूखाली जाण्याआधी कंपाउंडर सदाशिवरावांनी मला उचलून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं, आणि माझी नोकरी सुरू झाली.

दर गुरुवारी चामडीचे रोगी यायचे. ज्यांच्या अंगावर फिकट चट्टा असे, त्यांना डॉक्टर डोळे मिटायला लावायचे आणि माझं टोक चट्ट्याला टेकवायचे. रोग्यानं नेमकं तिथं बोट ठेवायचं. बोट आलं तर कातडी जागी आहे. नाही आलं तर महारोग. माझ्यासारख्या हलक्या जिवाला एवढं जड काम. संध्याकाळी मी थकून जायचो.

डोळे मिटलेत असं दाखवून माणसं पापणीच्या फटीतून पाहतात, हे मी तिथंच शिकलो. पण मला फसवता येत नाही. कातडी जागी असली की तिच्यावरची लव माझ्या टोकाखाली थरथरते.

सगळ्यांत जास्त चोरून पाहायची ती पंचफुला. तिच्या डाव्या हातावर रुपयाएवढा चट्टा होता. सासरच्यांनी तिला दारव्ह्याहून माहेरी आणून सोडलं होतं आणि तीन वर्षांची नलू स्वतःकडे ठेवून घेतली होती. चट्टा गेला की ये, मग पोरीला हात लाव, असं सांगून. धाकटा भाऊ उकंडा तिला चार कोस चालवत आणायचा आणि दाराशी उकिडवा बसायचा.

"कळलं का?" डॉक्टर विचारायचे.

"कळलं जी."

"डोळे मिटून कळलं का?"

दारातून उकंडा हसायचा. "साहेब, लपाछपीत बी थे असीच करे."

वर्षभर गोळ्या घेतल्यावर चट्ट्याच्या कडेला खरीच जाग येऊ लागली होती. मधला भाग मात्र अजून मुका होता.

सत्तावन्नच्या पावसाळ्यात तापाची साथ आली. व्हरांड्यात, पायऱ्यांवर, बाहेर कडुनिंबाखाली माणसं खोकत पडली. आमची खोली तापाच्या रोग्यांना दिली. दारावर खडूनं लिहिलं की चामडीच्या रोग्यांनी पुढची सूचना मिळेपर्यंत येऊ नये. मी आणि गोळ्यांची बाटली एकाच कपाटात गेलो.

तिसऱ्या गुरुवारी उकंडा एकटाच आला. दुसरीपर्यंत शिकलेला. अक्षर अक्षर जोडून त्यानं ते वाचलं आणि तरीही गर्दीतून आत घुसला.

"सदाशिवराव, पंचफुलाबाईच्या गोळ्या द्या."

"डॉक्टर सोता तापानं पडले. त्यायच्या सहीबिगर मी नाही देत. चट्ट्यानं कोणी मरून नाही राह्यलं, बापा. घरी जाय."

"मंग पीस तरी द्या."

"पीस? पीस कायले?"

तेवढ्यात बाहेर कोणी कोसळलं म्हणून सदाशिवराव धावले. उकंड्यानं कपाट उघडलं. गोळ्यांची बाटली माझ्या अंगाला लागून उभी होती. त्यानं मला उचललं.

त्याला का हसायचं? मागच्या दसऱ्यानंतर त्याच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, देव नदीत सोडले होते, पिसांनी रोग झाडणाऱ्या भगताला दार बंद केलं होतं. पण वर्षभर दाराशी बसून त्यानं काम करताना पाहिलं ते मला. गोळ्या पंचफुला घरी गिळायची. रोग पीसच काढतं, असं तो धरून बसला.

घरी त्यानं मला चट्ट्यावरून फिरवलं. पंचफुला हसली. "येड्या, हे पाह्याचं हाये, काढाचं नाही." मग त्याचं तोंड उतरलेलं पाहून म्हणाली, "बरं, फिरव."

दोन दिवसांनी उकंडा तापला. दवाखान्यातून त्यानं फक्त मला आणलं नव्हतं. पंचफुलानं त्याचं सगळं केलं. तो उठला आणि ती पडली. तिची छाती भरली.

सहाव्या दिवशी ती म्हणाली, "उकंड्या, पीस आण. डॉक्टरवानी लाव."

तिनं डोळे मिटले. त्यानं मला चट्ट्याच्या मधोमध टेकवलं. बोट हळूहळू आलं आणि नेमकं माझ्यावर थांबलं.

"पाह्य, कळलं. गुण आला तुह्या हाताले."

"चोट्टे, पाह्यलं ना तुनं?"

तिनं बोट तिथंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी गेली.

कार्तिकात खडूची अक्षरं पुसली. गुरुवारची रांग निम्म्यावर आली होती. उकंड्यानं मला टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी त्याला सांगितलं की पीस फक्त विचारतं, बऱ्या करतात त्या गोळ्या. तो कपाटाकडे बराच वेळ पाहत राहिला.

"साहेब, मधोमध कळलं असन का तिले? का पाह्यलं असन?"

"कसं सांगू, उकंडा?" मग डॉक्टर म्हणाले, "तिची पोरगी एकदा आण. तपासून घेऊ."

आणतो म्हणून त्यानं मान हलवली. त्या गोष्टीला पाच वर्षं झाली, पोरगी अजून आलेली नाही.

पंचफुलानं शेवटचं बोट ठेवलं त्या दिवशी तिची लव माझ्या टोकाखाली हलली नव्हती. मला आवाज नाही, म्हणून उकंड्याला हे कधी सांगावं लागलं नाही.

आता माझं टोक विरळ झालंय. सदाशिवराव नवीन पीस शोधतायत. पण उकंडा, तू दारव्ह्याला जा. नलूला घेऊन ये. तेवढं एक टेकणं माझ्यात अजून शिल्लक आहे.