कृष्णकमळाच्या दहा पाकळ्या

मी एक जुनी वेल आहे, मित्रांनो, कृष्णकमळाची. चौक गावात दोन घरांमधल्या तारेच्या कुंपणावर गेली बावीस वर्षं मी पसरले आहे. फुलझाडाने गोडच बोलावं अशी तुमची अपेक्षा असेल, तर पलीकडच्या जाईकडे जा. माझ्या पोटात राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

मला लावलं मार्थाबाईंनी. दवाखान्यात नर्स होत्या, लग्न केलं नाही, निवृत्तीनंतरही इथेच राहिल्या. खालापूरच्या रोपवाटिकेतून काळ्या पिशवीत त्यांनी मला आणलं तेव्हा मी जेमतेम वीतभर होते. तांदूळ धुतलेलं पाणी आणि चहाचा चोथा यांवर वाढले. कुंपणापलीकडे सोनुबाईचं घर. भातशेतीवाली, तोंडाने फटकळ. तिचा कमलेश जन्माला येताना अडला होता, तेव्हा मार्थाबाईंनीच दोघांना वाचवलं. तेव्हापासून दोघींचं मेतकूट असं जमलं, की दुपारी चारचा चहा एकीने एकटीने कधी घेतला नाही.

माझं पहिलं फूल उमललं तेव्हा दोघी समोर उकिडव्या बसल्या.

“बघ गं मार्थे,” सोनुबाई म्हणाली, “ह्ये भवतीचं शंभर कौरव, ह्ये पाच पांडव, आन् मधी आमचा किसन.”

“आमच्याकडे वेगळं सांगतात,” मार्थाबाई म्हणाल्या. “ही झालर म्हणजे येशूच्या डोक्यावरचा काट्यांचा मुकुट. हे पाच त्याचे घाव, वरचे तीन खिळे. आणि या दहा पाकळ्या म्हणजे दहा शिष्य.”

“बारा होते ना? तूच बोललीस मागं.”

“दोघांना जागा नाही. एकाने त्याला पकडून दिलं. दुसरा भर अंगणात म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही.”

“मेला!” म्हणत सोनुबाईने कडाकडा बोटं मोडली.

गोकुळाष्टमीला माझी फुलं पलीकडच्या पाळण्यावर जात. गुड फ्रायडेला एखादं उमललं असलं, तर ते अलीकडच्या क्रूसापाशी. दोन्ही घरांत मला मान होता आणि तो मला आवडायचा, कबूल करते.

गेल्या वर्षी कमलेश ग्रामपंचायतीला उभा राहिला. त्याच दिवसांत त्याची सहावीतली मुलगी हर्षला हिने शाळेत माझी माहिती सांगितली. कौरव-पांडवही सांगितले आणि काट्यांचा मुकुटही. तिला कंपासपेटीचं बक्षीस मिळालं. पण विरोधकांनी गावाच्या ग्रुपवर टाकलं, “कमलेशच्या घरात पोरांना काय शिकवतात बघा.” झालं! दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास कमलेश चार माणसं आणि कोयता घेऊन अंगणात सोनुबाईसमोर आला. कुंपणाअलीकडे मार्थाबाई आपल्या दारात उभ्या होत्या, हातात दोन कप.

“आये, पोरीला ही गोष्ट कुनी शिकवली?”

“मला काय ठावं रं?” सोनुबाई म्हणाली.

“तुमचं जाणं-येणं हाय ना तिच्याकडं?” सोबतच्या एकाने विचारलं.

“नाय बा. आमी कशाला जातोय?”

“चहाला बी नाय?”

“देवाची आण, नाय. मी धड वळखत बी नाय तिला.”

मार्थाबाई दारातून वळल्या. कप घेऊन आत गेल्या. मग कमलेशने माझ्या बुंध्यावर कोयता घातला. मला फक्त शब्दांचं दुखलं असं म्हणणं उगाच शहाणपणा मिरवणं होईल. कोयत्याचंही दुखलं.

निवडणुकीत कमलेश पडला तो पडलाच.

मार्थाबाईंनी माझ्या खुंटाला राख लावली, शेण घातलं, आणि पावसाळ्यात मी पुन्हा फुटले. यंदा गोकुळाष्टमीच्या सकाळी अकरा फुलं आली. सोनुबाई ताट घेऊन कुंपणाशी उभी राहिली. गेल्या वर्षीचा एक शब्द नाही. बाईच्या तोंडाला त्या दिवशी कुलूप नव्हतं, आता मात्र होतं.

“मार्थे, चार फुलं दे गं. पाळण्याला लागतात.”

मार्थाबाईंनी अकराच्या अकरा खुडली, अर्धवट उमललेलीसुद्धा, आणि तारेवरून ताटात ठेवली. सोनुबाई तशीच उभी. मग हळूच म्हणाली, “चार वाजता चहा टाकतीस?”

“लोक बघतील, सोनू. जा.”

मार्थाबाई आत गेल्या आणि दाराला कडी घातली. सोनुबाई बराच वेळ ताट धरून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिची दया आली नाही.

मित्रांनो, आमच्या गोष्टीच्या शेवटी ‘झाडं लावा, झाडं जगवा’ असं सांगायची रीत आहे. झाडांचं आम्ही बघून घेऊ. बुंध्याशी कापलं तरी मी फुटले. पण मार्थाबाई आता सत्तरीच्या आहेत आणि रोज चारला भिंतीकडे तोंड करून चहा पितात. म्हणून एवढंच सांगते. ज्याच्या घरचा चहा प्यायलात, त्याला चारचौघांत ओळख दाखवा. तेवढंही जमत नसेल, तर माझ्या फुलांना हात लावू नका.