सहाही झाडंच

स्पर्धेची अट एकच होती. संघातले सहाही प्राणी एकाच टाइपचे हवेत. आगीचे तर सगळे आगीचे, पाण्याचे तर सगळे पाण्याचे. फोनवर प्राण्यांच्या झुंजी लावायच्या त्या गेममध्ये बहुतेक जण सरमिसळ संघ करतात, म्हणजे एकाची कच्ची बाजू दुसरा सांभाळतो. एकाच टाइपचा संघ केला की सगळ्यांची कच्ची बाजूही एकच. समोरच्याला ती सापडली की सहाही एकामागून एक आडवे होतात.

स्वप्नाली शेळकेने झाडांचा टाइप घेतला. झाडं आगीपुढे कच्ची. पण कॉलेजात असल्यापासून ती झाडंच खेळवत आली होती, आणि तिला तेवढं कारण पुरेसं होतं.

ती एकोणतीस वर्षांची. आठ महिन्यांपूर्वी सांगलीहून नवऱ्याचं घर सोडून ती मंगळवार पेठेत माहेरी आली आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, पंपाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्रॉइंगच्या कामाला लागली. घर का सोडलं ते तिने आईला एकदाच सांगितलं. आईने, म्हणजे तानाबाईंनी, ते मुलाला सांगितलं. त्यानंतर घरात कुणी तो विषय काढला नाही. तिच्या ताटात भाकरी आधी पडायची. ती खोलीत आली की चाललेलं बोलणं बदलायचं.

सरावाला तिला आगीचा संघ खेळणारं कुणीतरी हवं होतं. भाऊ यशराजने दोनदा प्रयत्न करून फोन खाली ठेवला. "मला ते प्राणी सगळे सारखेच दिसत्यात," तो म्हणाला.

"मी बघतो की," त्याची बायको संयोगिता म्हणाली.

संयोगिता पस्तिशीची. दूध संघाच्या प्रयोगशाळेत ती फॅट तपासायची. गेममधलं तिला काहीच ठाऊक नव्हतं, पण आकडे वाचायची सवय होती. कुठल्या प्राण्याचा वेग किती, मार किती, सोसण्याची ताकद किती, हे तिने चार दिवसांत एका वहीत उतरवून काढलं. स्वप्नालीने आपल्या प्राण्यांना रानातली नावं दिली होती: निवडुंग, घायपात, बाभळ, टणटणी, कुर्डू, पालवी. ते बघून वहिनीने आपल्या सहा जणांना घरातल्या विस्तवाची दिली: चूल, शेगडी, स्टो, बंब, निखारा आणि काडी.

पहिल्या रविवारी काडीने एकटीनेच स्वप्नालीचे चार प्राणी पाडले.

"ह्याला काय अर्थ हाय," संयोगिता म्हणाली. "मी नुसतं लाल बटण दाबतोय."

"म्हणून तर खेळायचं. लाल बटणाला उत्तर शोधायचंय मला."

उत्तर शोधायला अडीच महिने लागले. कुर्डू सगळ्यांत चपळ, म्हणून तो आधी उतरून मैदानात काटे पसरायचा. पुढे समोरचा जो प्राणी बदलून आत येईल, त्याला ते काटे टोचत. घायपात अर्धा दगडाचा होता. तो मंद, पण आगीच्या प्राण्यावर त्याचा एक घाव बसला की काम झालं. बाभळीच्या गळ्यात तिने ओलं पोतं बांधलं. गेममधल्या त्या वस्तूने आगीचा पहिला तडाखा निम्मा व्हायचा. तरी एक जागा कच्चीच राहत होती, आणि ती पालवीची होती.

पालवी तिचा पहिला प्राणी. दिसायला गोड, बाकी कशातच धड नाही.

"हिला काढायला पायजे," स्वप्नाली एका संध्याकाळी स्वतःच म्हणाली.

"राहू दे की. तुझी आवडती हाय ती."

"आवडती हाय, पण दोन फेऱ्यांत मरती." तिने पालवीला बाहेर ठेवलं आणि शेवाळाला घेतलं. शेवाळ अर्धं पाण्याचं, आगीने फारसं भाजत नाही. त्यानंतर ती पाचातल्या दोन-तीन झुंजी जिंकायला लागली.

स्पर्धा शहरातल्या एका दुकानावरच्या हॉलमध्ये होती. गडहिंग्लजचा प्रभुलिंग नावाचा तरुण ती भरवत होता. संयोगिता नुसती सोबत आली होती. नावं सोळा लागायची, पंधराच आली.

"ताई, तुम्ही खेळता काय?" प्रभुलिंगने तिला विचारलं. "एक जण कमी पडतोय. न्हायतर कुणालातरी न खेळता पुढं ढकलावं लागंल."

संयोगिताने स्वप्नालीकडे पाहिलं.

"खेळा की वहिनी. संघ तर तयारच हाय."

पहिल्या फेरीत संयोगितापुढे बर्फाचा संघ आला आणि वितळून गेला. दुसऱ्या फेरीत एका पॉलिटेक्निकच्या पोराचे किडे तिने जाळले. तिकडे स्वप्नालीनेही दोन्ही झुंजी जिंकल्या. विजेच्या संघाविरुद्ध तर तिचा एकच प्राणी पडला. प्रभुलिंगने फळ्यावर उपांत्य फेरीच्या जोड्या लिहिल्या, तेव्हा दोघींची नावं समोरासमोर होती.

दोघी टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या. दर फेरीला दोघींनी आपापली चाल फोनवर लपवून निवडायची, मग दोन्ही एकदम उघड व्हायच्या. मागे दहा-बारा जण उभे राहिले. दोघींचाही एकेक प्राणी पडला, तोवर सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. मग मैदानात काडी आणि निवडुंग समोरासमोर आले. अशा वेळी संयोगिता काय करते, ते स्वप्नालीला पाठ होतं. एक जाळ, आणि निवडुंग संपलं.

काडीने धूर सोडला. धुराने नुसतं दिसायचं कमी होतं. निवडुंगाला काही झालं नाही.

स्वप्नालीने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"वहिनी, हे काय केलं?"

"बोट चुकलं."

"तुमचं बोट अडीच महिन्यांत एकदा चुकलं न्हाय."

प्रभुलिंग म्हणाला, "ताई, घड्याळ चालू हाय. चाळीस सेकंद."

"घरात सगळी मला जपत्यात," स्वप्नाली हळू आवाजात म्हणाली. मागच्यांनाही ते ऐकू गेलं असावं. "तुम्ही तेवढ्या रोज संध्याकाळी मला मारत होता. मला त्येच बरं वाटायचं. आता तुम्हीबी सुरू करू नका."

"मला फायनलची काय गरज हाय? तू जिंकावंस एवढंच वाटलं."

"मला असं जिंकायचं न्हाय."

तिने फोन उचलला. झालेली चाल परत घेता येत नव्हती, म्हणून तिने निवडुंगाला काहीच न करता पुढची फेरी घालवायला लावली. मागून कुणीतरी म्हणालं, "ही काय करायली?" त्याच फेरीत संयोगिताने मात्र जाळ टाकला होता. निवडुंग पडलं.

"बराबरी झाली," स्वप्नाली म्हणाली. "आता खेळा."

त्यानंतर दोघी एकमेकींकडे न बघता खेळल्या. घायपाताने चूल आणि शेगडी पाडली. बाभळीने ओल्या पोत्यावर तडाखा झेलून स्टो संपवला. शेवटी स्वप्नालीकडे शेवाळ आणि जखमी बाभळ राहिली, संयोगिताकडे बंब आणि काडी. मैदानात शेवाळ होतं, आणि त्याची ताकद निम्म्यावर आली होती. समोर बंब. स्वप्नालीने शेवाळ मागे घेऊन बाभळ आत आणली. पण संयोगिताने ती फेरी शेवाळासाठी खेळलीच नव्हती. आत येणाऱ्यावर बसेल असा जाळ तिने टाकला, आणि बाभळ उतरता उतरताच गेली. दोन फेऱ्यांत शेवाळही गेलं.

स्वप्नालीने हात पुढे केला. संयोगिताने तो धरला.

अंतिम झुंज सात मिनिटांत आटोपली. समोर पाण्याचा संघ होता. काडी पहिल्याच फेरीत विझली, आणि संयोगिता हसून म्हणाली, "मला म्हाईतच हुतं."

परतताना गाडी स्वप्नाली चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर तिने विचारलं, "बाभळ आत येणार हे कसं कळलं?"

"तू प्राणी निम्म्यावर आला की मागं घेतेस. दर वेळी. पहिल्या आठवड्यापासनं."

"मग सांगितलं का न्हाईसा?"

"तुला वाईट वाटंल म्हणून."

सिग्नल सुटला. पुढच्या चौकात स्वप्नालीने गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"आणि काय काय सांगितलं न्हाईसा मला?"

संयोगिताने ओढणी नीट केली. "सांगलीहून फोन येतोय. तुझ्या सासऱ्यांचा. चार-पाच वेळा आला. बसून बोलू या म्हणत्यात. ह्येंनी सांगितलं, तुला कळू द्यायचं न्हाय."

"दादानं?"

"दादानं आणि आईंनी. मीबी व्हय म्हटलं."

स्वप्नालीला राग आला होता. पण कुणावर किती, हे ठरवायला वेळ लागणार होता.

घरी तानाबाईंनी दारातच विचारलं, "कोण जिंकलं?"

"वहिनी. मला हरवलं, पुढं हरल्या," स्वप्नाली म्हणाली. यशराज "जाऊ दे, गेमच हाय" म्हणायला लागला, तेव्हा तिने त्याच्यापुढे हात केला. "दादा, सांगलीचा नंबर दे. माझ्याकडं त्यो ठेवलेला न्हाय."

यशराजने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी सांगितलं."

तानाबाई म्हणाल्या, "आधी जेवून घे, मग बघू."

"आई, फोन करतो, मग जेवतो. बसून बोलायचं काय न्हाय माझं. माझ्या मार्कशीट तिकडं हायत, कंपनी मूळ प्रती मागायली. त्या आणायच्या, आणि पुढचं वकिलामार्फत बोलू म्हणून सांगायचं."

ती गच्चीवर गेली. खाली तिघं ताटं मांडून बसली, पण कुणी वाढून घेतलं नाही. सहा-सात मिनिटांनी ती उतरली. तिचा चेहरा उतरला होता, डोळे कोरडे होते.

"शनिवारी या म्हणाले. कोण येणार माझ्यासंगं?"

"मी येतो," यशराज म्हणाला.

"तू चिडतोस. वहिनींना घेऊन जातो." ती पाटावर बसली आणि ताट पुढे ओढलं. संयोगिताने तिला भाकरी वाढली. दुसरी स्वतःच्या ताटात घेतली आणि म्हणाली, "शनिवारी माझी सकाळची पाळी हाय. दुपारच्यानं निघूया."