मागे पाठवणारी खूण

मी एक खूण बोलतेय. दोन ठिपके, शेजारी एक बारीक आणि एक जाड उभी रेघ, एवढाच माझा जीव. स्वरलिपी वाचत वादक माझ्यापाशी पोचला की त्याने मागे जायचं आणि तोच भाग पुन्हा वाजवायचा.

माझा जन्म एका संगीतकाराच्या पेन्सिलीतून झाला. बायको गेल्यावर तिच्या आठवणीत त्यांनी व्हायोलिनवादकांसाठी ही रचना लिहायला घेतली. हात थरथरायचा, त्यामुळे माझे ठिपके कधी एका रेषेत आलेच नाहीत. हळूहळू सगळं विसरायला होईल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. "डोकं जाग्यावर आहे तोवर एवढं पुरं होऊ दे," ते मुलीला म्हणायचे.

रचनेची सुरुवात चार मात्रांची. मध्येच पट्टी चढायची, मात्रा तीन व्हायच्या, आणि मग मी. माझ्यापासून मागे गेलं की पुन्हा जुनी पट्टी, पुन्हा चार मात्रा.

मुलीने सगळं संगणकावर उतरवलं. मागे वळताना कोणी गोंधळू नये म्हणून पुन्हा वाजवायच्या भागाच्या सुरुवातीला तिने जुनी पट्टी आणि चार मात्रा मुद्दाम पुन्हा मांडल्या. पण संगणक आपला सरळ वाचत जातो. त्याच्या लेखी तिथे तीच पट्टी आधीपासून चालू होती, मग दोनदा कशाला? छापताना त्याने ते गाळून टाकलं. तालमीत वेळ वाचवायला कोणी मागे वळलंच नाही, म्हणून ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

कार्यक्रमाला संगीतकार इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. माझ्यापाशी येऊन सगळे मागे वळले. निम्मे जुन्या पट्टीत गेले, निम्मे चढ्या पट्टीतच राहिले. समोर उभं राहून ताल देणाऱ्या प्रमुखांचा हात तीनच मात्रा देत होता. नुसता कल्लोळ. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"असं लिहिलं मी?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा, काहीतरी चुकलंय."

प्रमुख घाम पुसत खाली आले. "कागदावर होतं तसंच वाजवलं आम्ही."

"मग डोकं गेलंच माझं," असं म्हणून ते काठी चाचपडू लागले.

घरी आल्या आल्या त्यांनी पेन्सिलीची पानं फाडली. मुलगी अडवायला गेली तर म्हणाले, "तुझ्या आईच्या नावाने हे नको."

पुन्हा ते लिहायला बसले नाहीत. मुलगी कितीतरी दिवस वादकांनाच दोष देत राहिली. शेवटी एकदा छापलेलं पान आणि संगणकाचा पडदा शेजारी शेजारी धरल्यावर तिला कळलं. तिने गाळलेली पट्टी आणि मात्रा संगणकाकडून उघड करून घेतल्या, पान नव्याने छापलं आणि तशीच धावत त्यांच्या खोलीत गेली.

"बाबा, तुमचं बरोबर होतं! संगणकाने गाळलं होतं!"

"बरं," ते अदबीने म्हणाले. "तुम्ही कोणाकडे आलात?"

तिने त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि बाहेर आली.

प्रमुखांनी तो कागद पुन्हा हातात घेतला नाही. मी आता संगणकातच असते. कोणी वाजवणार असाल तर वाजवा. आता त्यात चूक नाही.