बाबांचं ‘हॅलो’

प्रियदर्शनीच्या स्क्रीनवर सकाळपासून एकतीस विंडो साचल्या होत्या. अमरावतीतली ही ठिबक सिंचनाची कंपनी. शेतकऱ्याने चॅटवर तक्रार टाकली की नवी विंडो उघडते, तीही आधीच्यांच्या डोक्यावर. आणि नियम काय, तर शेतकऱ्याने ‘समाधान झाले’ लिहिल्याशिवाय ती बंद करायची नाही. वऱ्हाडातला माणूस कशाला असं लिहितोय? नळी वाहती झाली की तो मोबाइल खिशात टाकून वावरात चालता होतो आणि त्याची विंडो हिच्या उरावर बसते.

आज अकोल्याच्या दवाखान्यात तिच्या आईचं, भागीरथाबाईंचं, हृदयाचं ऑपरेशन होतं. रजा मागितली, तर सुपरवायझर संध्या मॅडमनी मोर्शीच्या संत्राबागांच्या सीझनचं कारण पुढे केलं. फोन तर रोजच दारातल्या लॉकरमध्ये. शेवटी तोड निघाली: आईला आत नेण्याआधी बाबांनी याच तक्रारीच्या चॅटवर कळवायचं, मग प्रियदर्शनीला पाच मिनिटं फोन मिळेल. आईला तिचा आवाज ऐकायचा होता.

साडेअकराला पसारा आवरेना. तिने नेहमीसारख्या बिनतक्रारीच्या विंडो भराभर खाली ढकलल्या. कुणाचा नुसता अंगठा, कुणाचं नुसतं ‘हॅलो’. नावं दिसत नाहीत, फक्त तक्रारीचा नंबर; आणि खाली गेलेली विंडो नवा मेसेज आला तरी आपोआप वर येत नाही.

एक वाजला तरी बाबांचा पत्ता नाही. तिने खालच्या विंडो एकेक करून वर काढल्या. नववी बाबांची निघाली. चॅटवरही ते फोनसारखं ‘हॅलो’ म्हणून उत्तराची वाट पाहत बसले होते.

‘हॅलो.’

‘हॅलो. बाबा बोलून राहिलो.’

‘आयकून राहिली का बाई? माय इचारते तुले.’

‘नेलं तिले. म्हणे, कामात असन पोरगी, नको तरास देऊ.’

वेळ अकरा बावन्नची. तिला स्वतःचाच राग आला. ‘बाबा, मी हाय इथं,’ तिने लिहिलं.

पाठोपाठ मशीनने आपला ठरलेला प्रश्न परस्पर पाठवला: ‘आपले समाधान झाले का?’

बाबांना वाटलं, पोरगीच विचारते आहे. ते हळूहळू टाइप करत राहिले. दिवसभरात त्या प्रश्नाला उत्तर देणारे ते पहिलेच.

‘माय भाईर आल्याबिगर कसं होईन, बाई?’

ती उत्तर लिहायला गेली, तोच बाबांना झाकत बत्तिसावी विंडो उघडली.

‘हॅलो.’