पहिली वीत

हुडकेश्वरच्या त्या गल्लीत नळाला दिवसाआड पाणी येतं, तेही पाऊण तास, आणि त्यातला अर्धा वेळ नळ नुसता खोकत असतो. त्यामुळे कुसुमावतीच्या धनश्रीने घरात बसून नळ सुरू केला, अशी बातमी फिरली तेव्हा प्रेमिलाबाई डब्यांच्या पिशव्या दोन्ही हातांत धरून फाटकाशीच उभी राहिली.

"जयभीम कुसुमताई! धनानं नळ सुरू केला म्हणते ना वं? दोन गुंड पाणी भरून नेऊ का? माह्या घरचा तं नुसता शिंकते."

कुसुमावती ओसरीवर बसून कुणाच्या तरी लग्नातल्या शालूला रफू करत होती. दातांनी धागा तोडून ती म्हणाली, "पाण्याचा नाही वं. पैशाचा."

"अवं माय! मंग गुंड कायले, टाकीच आणतो!"

दोघी हसल्या. मग कुसुमावतीने लेकीकडून जेवढं ऐकलं होतं तेवढं, जसं समजलं होतं तसं, शेजारणीच्या पदरात घातलं. इंटरनेटवरचं एक पान आहे, नाव 'थेंबथेंब'. असल्या पानाला नळच म्हणतात. ते उघडायचं. एक कोडं येतं, ज्या चौकोनात सायकल दिसते तो चौकोन दाबा म्हणून. दाबलं की आपल्या नावावर क्रिप्टोच्या नाण्याचा एक बारका थेंब पडतो. तासाभराने पुन्हा एक. नाणं हातात येत नाही, वाजत नाही, आणि एका थेंबात चहाचा वासही यायचा नाही. पण थेंब साठतात, आणि ठरावीक आकडा झाला की काढून घेता येतात. आणि धनाला काय? तर पानाच्या चहूकडे जाहिराती असतात. येणाऱ्यांनी त्यांवर बोट ठेवलं की जाहिरातवाली कंपनी धनाला पैसे देते. त्यातून ती पुढचे थेंब विकत आणते, उरेल ते तिचं.

"म्हणजे जाहिरातीवर बोट लावलं का धनाले भेटते?" प्रेमिलाबाईने नेमकं तेवढंच उचललं.

"असंच म्हणे ते."

इथवर सगळं खरं होतं. अर्धं होतं, पण खरं होतं.

धनश्री रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात काउंटरवर बसायची. चार वर्षं तिने लोकांची नावं, वय आणि दुखणी संगणकात भरली, आणि शेवटची दोन वर्षं रविवार-रविवार करून हे पान विणलं. तीन महिन्यांची बिनपगारी सुट्टी तिने मागून घेतली होती. त्यात पान तगलं तर तगलं, नाही तर पुन्हा तोच काउंटर आणि तीच दुखणी. जमवलेले पैसे तिने थेंबांत घातले होते. पण तिचा जीव अडकला होता तो पैशांत नाही. असे नळ जगात रोज निघतात, चार दिवस टपटपतात आणि लोकांचे साठलेले थेंब गिळून एका सकाळी कोरडे पडतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून पानाच्या कपाळावर तिने पहिलं वाक्य लिहिलं होतं: इथला थेंब बुडणार नाही. ते लिहिताना तिचा चेहरा असा झाला होता, की कुसुमावतीला लेकीच्या बापाची आठवण झाली. गुलाबचंदही मागावर लुगड्याच्या पदराचा शेवटचा धोटा टाकताना ओठ असेच मुडपायचे.

आता ती जुनी गोष्ट सांगायलाच हवी. तांडापेठेत त्यांचा माग होता तेव्हाची. त्या विणकरांच्या गल्लीत कुणाच्या घरी नवा माग बसला, की पहिल्या दिवशी घरधनी त्याला हात लावत नसे. आधी गल्ली यायची. म्हातारे यायचे, लेकुरवाळ्या यायच्या, ज्यांना विणता येत नाही तेही यायचे. प्रत्येकाने एकेकदा आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा. कुणाचा सरळ जायचा, कुणाचा अडकायचा. वीतभर कापड असं गल्लीच्या हातांनी उतरायचं, तेव्हा कुठे घरधनी मागावर बसायचा. याला म्हणायचे हातलावणी. बाया भोवती उभ्या राहून म्हणायच्या:

पयली वीत गल्लीची, दहा बोटांची गाठ
वाकडी झाली तरी, मायेचा तिले काठ

माग गेला, गुलाबचंद गेले, मागाची लाकडं कुठल्या चुलीत गेली कोण जाणे. कुसुमावती हुडकेश्वरला आली आणि फाटलेलं जोडू लागली. पण लेकीने नवा माग मांडलाय आणि गल्लीचा हात लागला नाही, हे तिच्या मनाला कसं पटावं? ती घरोघर गेली. हळद-कुंकवाचं बोलावणं करावं तशी गेली.

"पोरीनं नवीन काम मांडलं. जरा हात लावा. पान उघडा अन् जाहिरातीवर बोट ठेवा. तिले मात्र सांगू नोका, लाजते ते."

गल्लीने मन लावून हात लावला. प्रेमिलाबाई डबे पोचवून आली की पायरीवर बसून वीस-वीस जाहिराती दाबायची. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले नानाजी तर हट्टालाच पेटले. सायकलीच्या कोड्यात ते अडायचे. "हा ठेला होय का सायकल होय बाप्पा?" असं ओरडून विचारायचे. पण जाहिराती त्यांनी अशा दाबल्या, जशी नरखेडच्या भरल्या गाडीत तिकिटं फाडावीत. टिक, टिक, पुढे सरका, टिक.

तिसऱ्या दिवशी धनश्री खुर्चीतून उठून आईच्या गळ्यात पडली. "आई, लोकं जाहिराती पाहून राहिले वं! एवढं तं मी स्वप्नातही नव्हतं पाह्यलं!" संध्याकाळी ती संत्रा बर्फी घेऊन आली. कुसुमावतीने एक तुकडा तोंडात टाकला आणि हसली. पोटातलं गोड गुपित ओठांवर येऊ न देणं बायकांना शिकवावं लागत नाही.

चौथ्या दिवशी दहाच्या सुमारास कंपनीचं पत्र आलं.

कुसुमावती भाजी निवडत होती. आतून काहीच आवाज येईना म्हणून ती डोकावली. धनश्री पडद्याकडे पाहत बसली होती, आणि तिचे दोन्ही हात मांडीवर पालथे पडले होते.

"काय झालं वं?"

"खातं बंद केलं. जाहिराती काढून घेतल्या. तीन दिवसाचे पैसेही गेले."

"काहून?"

"खोटे क्लिक म्हणते. कोणीतरी मुद्दाम दाबले. मले वाटते, कोण्या जळकुट्यानं मशीन लावली असन."

"अन् मशीन नसन तं? म्हणजे... आपल्याच माणसानं दाबलं असन तं?"

"तेही तेच, आई. माल घ्यायचा नाही अन् नुसतं मालकाले पैसे भेटावे म्हणून दाबायचं, याले ते चोरीच म्हणते."

मेथीची जुडी कुसुमावतीच्या हातात तशीच राहिली. चोरी. तिच्या घरात या शब्दाला कधी पाट मिळाला नव्हता.

ती गप्प राहिली. त्या दिवशीही, दुसऱ्या दिवशीही. रफूची सुई दोनदा बोटात गेली. धनश्री धड जेवत नव्हती. जाहिराती नसलेल्या पानावर ती गाठीचे थेंब वाटत होती, आणि तेही तळाला आले होते. त्यातच कुणा अनोळखी माणसाने निरोपाच्या खिडकीत लिहिलं: जाहिराती गेल्या, आता तुम्हीही जाल, सगळे असेच. धनश्रीने ते आईला वाचून दाखवलं. "मले लबाड म्हणून राहिला तो, आई. मी कोणाले बुडवलं?"

तेव्हा मात्र कुसुमावतीने सुई कापडात टोचून ठेवली.

"मशीन नाही वं ते. मी होय."

"काय?"

"मी अन् गल्ली. तुह्या मागाले हात लावला आम्ही."

धनश्रीला आधी कळेना. कळलं तेव्हा ती उभी राहिली. "गल्ली म्हणजे? प्रेमिलामावशी?"

"हो."

"नानाजी?"

"त्यायनं तं सगळ्यायहून जास्त."

"आई!" ती ओरडली. "अवं, मले विचारायचं तं होतं! दोन वर्षाचं काम माझं! शत्रूनं केलं असतं तं मी त्याले शिव्या तरी दिल्या असत्या. आता कोणाले देऊ?"

"मले दे," कुसुमावती म्हणाली. "पण मले कोणं सांगतलं होतं वं, का आपल्या माणसानं दाबायचं नसते? तू म्हटलं, बोट लावलं का पैसे भेटते. तेवढंच म्हटलं."

खरंच तेवढंच म्हटलं होतं धनश्रीने. पोळीचा घास तोंडात असताना, घाईघाईत. आईला एवढं कशाला सांगायचं, असं वाटलं होतं. ती मटकन खाली बसली. काही वेळाने तिच्या खांद्यांना हिसके बसू लागले. रडते आहे की काय म्हणून कुसुमावती पुढे सरकली, तर ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. "नानाजी... टिक, टिक करून दाबले असन ना त्यायनं?"

"तिकिटं फाडल्यासारखे," कुसुमावती म्हणाली. मग शालू मांडीवर घेऊन, फाटलेल्या जागी बोट फिरवत, ती स्वतःशी बोलावं तशी बोलू लागली. "तुले ते पहिली वीत माहीत आहे ना? तिचं काय करायचे, ठाऊक आहे?"

"काय?"

"कापून ठेवायचे. थे कापड कोणी विकत नव्हतं. वाकडंतिकडं रायते, कोणाले विकून फसवायचं? घरच्या पेटीत ठेवायचे, बाळंतपणात लेकराच्या अंगाखाली घालायचे. तुह्या अंगाखाली होतं. मी गल्लीले हात लावायले सांगतलं, पण वीत कापायची विसरली. ते कंपनीले सांग ना, का तीन दिवसाची वीत कापून टाका. एक पैसा नको आम्हाले. माग तेवढा राहू द्या."

धनश्रीने खुर्ची ओढली आणि लिहायला बसली. आई मराठीत सांगत होती, लेक इंग्रजीत लिहीत होती. मध्येच धनश्री अडली. "हातलावणीले काय लिहू?" "जे आहे थे लिही. धोटा कोणं कसा फेकला, तेही लिही." काही लपवलं नाही. अकरा घरं, सोळा फोन, आणि नानाजींचं नावही घातलं, कारण विचारलं तेव्हा नानाजी म्हणाले, "लिही वं बेटा. मी कधी बिनतिकीट नाही फिरलो, आता काहून लपू?"

कंपनीचं उत्तर दोन दिवसांनी आलं. दोन ओळींचं. आम्ही तपासलं, निर्णय बदलणार नाही. खाली सही नव्हती.

धनश्रीने मग एक केलं. ज्या माणसांचे थेंब साठले होते, आणि अजून काढण्याइतके झाले नव्हते, त्या सगळ्यांना तिने जेवढे होते तेवढे काढून दिले. तीनशेहून जास्त माणसं, कुठकुठल्या देशांतली. लबाड म्हणणारा त्यांत होताच. नळ आटला, पण पानाच्या कपाळावरचं वाक्य तिला पुसावं लागलं नाही. मग तेच पत्र, एक अक्षरही न बदलता, तिने आणखी चार जाहिरातवाल्यांना पाठवलं. आमच्याकडून हे घडलं, हे असं घडलं, आता घडणार नाही. तिघांनी उत्तरच दिलं नाही. चौथी कंपनी लहानशी होती, तिचे दरही निम्मे. तिथे बहुधा यंत्राऐवजी माणूस बसला असावा. त्याने लिहिलं: एक महिना चालवून पाहू. आणि खाली विचारलं, ते पहिलं वीतभर कापड अजून आहे का हो? असेल तर फोटो पाठवा.

कुसुमावतीने पेटीच्या तळातून ते काढलं. पिवळं पडलेलं, एका कडेला अरुंद, मध्येच जाड. एका जागी धागा तुटून पुन्हा सांधलेला होता. त्यावरून बोट फिरवताना तिच्या ओठांवर आपोआप आलं:

तुटला तुटला धागा, नोको रागावू वं बाई
चिमटीत दोन्ही टोकं, गाठीले घाई नाई

रविवारी सकाळी दहा वाजता थेंबथेंब पुन्हा सुरू झालं. गल्ली आली. यायचीच ती. पण कुसुमावतीने आदल्या दिवशी घरोघर जाऊन दुसरं बोलावणं केलं होतं: या, चहा घ्या, पाहा. हात मात्र घरी ठेवून या.

प्रेमिलाबाईने दोन्ही हात पदरात गुंडाळले होते. तपासनीस गाडीत चढल्यावर कंडक्टर उभा राहतो तसे नानाजी हात पाठीशी बांधून उभे होते. पडद्यावर जाहिरात आली: गुडघेदुखीवर तेल.

"नानाजी, तुमचीच आली बाप्पा!" प्रेमिलाबाई म्हणाली. "लावून टाका बोट, दुखते ना गुडघा?"

"दुखते तं दुखू दे. मेडिकलमधून आणीन. इथं नाही लावत."

सगळे हसले. पडद्याच्या कोपऱ्यात जाहिरातींवर पडलेल्या बोटांचा आकडा होता, शून्य. चहा झाला, बशा धुवायला गेल्या, शून्यच. प्रेमिलाबाईला डब्यांची घाई होती, तरी ती थांबली. कुसुमावती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिची बोटं एकमेकांत अशी घट्ट अडकली होती, की नखं पांढरी पडली होती.

आणि मग आकडा हलला.

"आई," धनश्री हळूच म्हणाली. "एक."

"कोणाचा हात वं?"

धनश्रीने वाकून पाहिलं. कुठल्याशा दूरच्या देशाचं नाव होतं, तिलाही नीट वाचता येईना. "ओळखीचा नाही कोणी."

"नक्की ना? आपल्यातला नाही ना?"

"नाही वं आई. आपल्यातलं कोणीच नाही."

"बरं झालं," कुसुमावती म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिने हात मोकळे सोडले.