दाराची आतली बाजू

मनोरुग्णांचा हा नवा विभाग तिनेच आखला होता. शेजारच्या इमारतीतल्यांनी कुरकुर केली, "ते लोक आम्हाला दिसायला नकोत." तेव्हा तिने मुकाट्याने खिडक्या डोक्याच्या वर नेल्या. कडी बाहेर, दिव्याचं बटण बाहेर, आत डोकावायला दारात काचेचं भोक. सगळं म्हणे सुरक्षिततेसाठी. कुणाच्या, ते बैठकीत कुणी विचारलं नाही, आणि या आर्किटेक्ट बाईसाहेब कौतुक ऐकण्यात गुंग होत्या.

आज तिचा धाकटा भाऊ तिथल्याच एका कॉटवर बसला होता. पूर्वी एका दवाखान्यात राहून आल्यापासून तो दवाखान्याचं नाव काढू देत नसे. "ताईने बांधलेली जागा आहे," एवढ्यावर कसाबसा आला होता. दाखल होण्याच्या कागदावर त्याची सही अजून व्हायची होती. तो नाही म्हणाला तर घरी न्यायचं, आणि घरी परवाच तो गच्चीच्या कठड्यावर चढला होता.

"ताई, तू इथे दार लावून बसलीयेस कधी?"

"हो तर," ती बेधडक खोटं बोलली. ती कायम व्हरांड्यातच उभी राहिली होती.

"मग आत्ता बस माझ्याबरोबर. मग करतो सही."

वॉर्डातल्या मामांना तिने दार ओढून घ्यायला सांगितलं. मामांनी हाताच्या सवयीने कडी घातली, दिवा घालवला आणि ते निघून गेले.

आधी तिला हसू आलं. मग ती खिडकीपाशी गेली, टाचा उंचावल्या. आभाळाची पट्टी तेवढी दिसली. दार उघडावं तर आतून धरायला काहीच नव्हतं, नुसता गुळगुळीत पत्रा. "मामा," तिने हाक मारली. मग मोठ्याने. मग ती दोन्ही हातांनी दार बडवू लागली. भोकाशी एक डोळा आला, जरा थांबला आणि गेला.

"अहो, मी आर्किटेक्ट आहे! मीच बांधलंय हे!"

इथे कुणीही असंच म्हणेल, हे तिच्या लक्षात आलं.

धाकट्याने उठून तिचे हात धरले.

"ओरडू नकोस, ताई," तो हळूच म्हणाला. "ओरडलं की ते लवकर उघडत नाहीत. खाली बस. हात मांडीवर ठेव, त्यांना दिसतील असे."

ती बसली. तिने हात मांडीवर ठेवले.