चिमणाबाईची काटवट

मित्रांनो, भाकरीचं पीठ मळायची जुनी लाकडी काटवट मी. माझ्या तळाला चीर गेली आहे. ती कशी गेली, तेवढं सांगते.

पेठ वडगावच्या बाजारात चिमणाबाईनं मला बोटांनी वाजवून पाहिलं आणि नवऱ्याला, आकारामला, म्हणाली, "हीच घ्या. नातवंडांपतोर टिकंल." बरीच वर्षं मी रोज दोन वेळा कामाला होते. मग त्यांच्या रानात ऊस आला आणि घरात भाकरीच्या जागी चपाती आली. कणीक परातीत मळत. मी भिंतीला टेकून असायची.

पुढं चिमणाबाईचं पोट बिघडलं. जुलाब थांबेनात. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. आकारामनं तिला कोल्हापूरला डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, "हिला गहू बाधतो. कणभरही द्यायचा नाही. ज्वारी, तांदूळ चालेल."

आकारामची थोरली बहीण, आक्का, हसली. "ऊस लावून राणी केलंस हिला, आन् ही परत भाकरीवरच आली की."

"राणीला जुलाब लागत्यात, आक्का," चिमणाबाई म्हणाली. "भाकरीवालीच बरी हाय."

सालभरात ती भरली. पीठ मळताना तिच्या हाताचा जोर मला कळायचा. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस तेच.

त्या वर्षी ती बरी झाली म्हणून म्हसोबाचा नवस फेडला. देवाला दाखवलेल्या दारूचा घोटभर प्रसाद घरातल्या सगळ्यांनी घ्यायचा, ही त्यांची रीत. चिमणाबाई लग्नापासून घेत आली होती, कधी काही झालं नव्हतं. या वेळी घटकाभरात तिचं तोंड लाल झालं, अंगावर गांध्या उठल्या, आणि ओकून ओकून ती चुलीजवळ आडवी झाली.

"बघ," आक्का आकारामला म्हणाली. "इतकी वर्सं सोसलं, आन् आता घोटभर सोसंना. गहू सोडला तवापासनं अंगात जीवच न्हाय राहिला."

"माझं पोट बरं हाय वो, आक्का," चिमणाबाई पडल्या पडल्या म्हणाली.

"तू गप. आकाराम, तूप लावून चपाती घाल हिला."

आकारामचा बायकोवर जीव होता, म्हणूनच तो घाबरला. तिनं पुन्हा भाकरी करू नये म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं मला माळ्यावर टाकलं.

पत्र्याखाली मी वाळत गेले. खालून तिचं कण्हणं ऐकू यायचं. दोन वर्षांनी ते थांबलं.

शेवटी-शेवटी तिला परत कोल्हापूरला नेलं होतं, तेव्हा डॉक्टर काय म्हणाले, ते आकाराम अजून येईल त्याला सांगतो, म्हणून मला ठाऊक आहे. "दारू सोसली नाही, तर दारू सोडायची. भाकरी कशाला सोडली?"

बाराव्यानंतर त्यानं मला खाली काढलं तेव्हा ही चीर पडलेली होती. लाकूड भिजवलं की चीर बुजते, असं चिमणाबाई सांगायची. म्हणून तो रोज सकाळी माझ्यात पाणी भरतो. दुपारपर्यंत ते जमिनीत मुरतं.

मित्रांनो, घरातलं आजारी माणूस 'मला बरं वाटतंय' म्हणालं, तर आधी त्याचं ऐका. बाकीच्यांचं नंतर. लाकूड वापरात असेपर्यंतच टिकतं. मला भिजवून आता उपयोग नाही, हे आकारामलाही कळतं. उद्या सकाळी तो कळशी घेऊन येईलच.